न उरलेल्या कापडाचं गाव

गोधड्यांचं संग्रहालय बघायचं म्हणून तुम्ही भोकरदनला उतरला आहात. स्टँडवर विचारून बघा. रिक्षावाला तुम्हाला एखाद्या गादीवाल्याच्या दुकानापुढे नेऊन सोडेल, फार तर साडी सेंटरपुढे. काचेमागे, मंद दिव्याखाली टांगलेली गोधडी बघायची असेल तर अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी जावं लागतं. तिथं १९९७पासून याच कलेला वाहिलेली अख्खी संस्था आहे. आपल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं, तेही छापलं फ्रान्सच्या प्रकाशकानं. भोकरदनात गोधडी खाटेवर आहे, खाटेखाली आहे, माळ्यावर आहे, थंडीत म्हशीच्या पाठीवरही आहे. तिला बघायला तिकीट काढावं असं इथं कुणाच्या मनात येत नाही.

आलाच आहात तर रिकाम्या हातानं परतू नका. जागा हीच ठेवा, साल बदला.

१९७३. जिल्हा अजून औरंगाबाद आहे; जालना वेगळा व्हायला आठ वर्षं आहेत. मागचा पावसाळा कोरडा गेलाय आणि सगळा मराठवाडा खणतोय. कुठे पाझर तलाव, कुठे नाला, कुठे रस्ता. बाया खडी फोडतात, लेकरांच्या हातावर सुकडी पडते, संध्याकाळी लाल मिलोच्या भाकरी थापल्या जातात आणि कुणालाच त्या गोड लागत नाहीत. या सगळ्या खणाखणीत केळणा नदीच्या या गावात एक खड्डा निराळा आहे. तो गावाच्या पांढरीत आहे. त्याच्या कडा ओळंबा लावून तासल्यासारख्या सरळ, कोपरे काटकोनात, आणि त्यातून निघालेली माती कुणी बांधावर ओतत नाही, चाळतात. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून हे उत्खनन काढलंय. नागपूरचे शां. भा. देव, औरंगाबादचे रमेश शंकर गुप्ते. दुष्काळात माती चाळून जुनी खापरं वेचायची, या कामाबद्दल गावात काय बोललं जात असेल ते तुम्हीच ताडा.

चाळणीपाशी एक म्हातारी बसली आहे. तिच्या लुगड्याला मधोमध दंड घातलेला आहे, म्हणजे विरलेला मधला भाग फाडून काढून दोन धड तुकडे पुन्हा जोडलेत. शेजारी एक बोचकं. त्यात काय आहे ते आत्ता विचारू नका, दुपारी आपोआप कळेल. शिडी तिच्या मागेच आहे. उतरा.

उतरताना भिंतीकडे बघत राहा. वर अलीकडचा कचरा, मग राखेचा पट्टा, मग भाजक्या मातीचे तांबूस तुकडे, पुन्हा राख. जुनी गोधडी उसवावी तसे थर सुटत जातात: वरचं लुगडं नातसुनेचं, आतलं सासूचं, त्याच्या आतलं कुणाचं ते सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही.

पाय टेकतात तेव्हा इसवी सनाचं पहिलं शतक निम्मं सरलंय आणि तुम्ही भोगवर्धनात आहात. पेठेचं गाव आहे. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचं. इथल्या मागच्या पिढ्यांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलंय आणि तिथल्या दगडावर आपल्या नावाला जोडून गावाचं नावही कोरून घेतलंय. गल्लीत मण्यांना भोकं पाडणारे बसलेत, शंखाच्या बांगड्या कापणारे बसलेत. तुम्ही मात्र कापडासाठी आलात, तेव्हा ओसरीवरच्या त्या बाईकडे बघा. चरखा शोधू नका, तो यायला हजारांवर वर्षं आहेत. (त्याचा हिंदुस्थानातला पहिला स्पष्ट उल्लेख १३५०चा, केला इसामीनं, दिल्लीहून दौलताबादला आलेल्या कवीनं, तोही रझिया सुलतानवर ताशेरा ओढताना. बाईमाणसानं सिंहासनापेक्षा चरख्याशी बसावं, असा त्याचा सूर. आपल्या इतिहासात चरख्याची एंट्री ही अशी.) ओसरीवरच्या बाईपाशी आहे ती चाती: एक काडी, खाली भाजक्या मातीची चकती. डाव्या हातात पेळू, उजव्या हातानं काडीला गिरकी, आणि सूत खाली उतरत जातं. पीळ कुठल्या बाजूला पडतोय ते नीट बघून ठेवा. इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरपा. तिला याचं काही वाटत नाही, आईनं शिकवलं तशी ती फिरवते. पण हा पीळच पुढे साक्ष द्यायचा आहे.

गाड्या भरताहेत. याच सुमारास एक ग्रीक बोलणारा व्यापारी तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची वही लिहितोय. पेरिप्लस म्हणतात तिला. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असा त्याचा हिशेब. पैठणहून गोमेदाचे दगड येतात. तगरहून येतं ते साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आणखी एक जाडंभरडं वस्त्र. सगळं बैलगाड्यांतून, वाट म्हणावी अशी वाट नसलेल्या मुलखातून. घाट उतरताना गाडीच्या चाकाला मागून दोर लावून धरणारे पुरुष आणि पावसानं गठ्ठे भिजू नयेत म्हणून वर टाकलेली जुनी पटकुरं त्याच्या वहीत नाहीत, पण तुम्हाला इथून दिसू शकतात.

पलीकडच्या पाखाडीत एकजण हस्तिदंत कोरतोय. त्याच्याकडे वळून बघितल्याशिवाय राहवणार नाही, कारण गावाची पुढची सगळी कीर्ती त्याच्या हातात आहे. १९७३च्या खणाखणीत इथं हस्तिदंताची एक तुटकी बाई निघते, आणि ती थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या बाईची बहीण वाटते. वेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९मध्ये गाडली गेलेली ती पॉम्पेईची मूर्ती १९३८ साली सापडली, आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती इथूनच गेली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. भोकरदनला अभिमान वाटावा अशी गोष्ट, वाद नाही. पण आपल्या कामाच्या दृष्टीनं ती अगदीच निरुपयोगी. हातभर बांगड्या, पायात वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार, आणि कापड म्हणाल तर जवळपास नाहीच. या शहराचा जगभर फिरलेला एकमेव नागरिक आणि त्याला गावच्या कापडाविषयी सांगण्यासारखं शब्दभरही नाही!

मग त्या गाड्याभर कापडाचं झालं काय? इथं जे राहिलं ते गेलं. दर पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात भेगा, बारा महिने वाळवी. आपल्या मातीत कापूस पिकतो तसाच मुरतोही. खापर टिकतं, शंख टिकतो, सुताची चकती टिकते, सूत नाही. परदेशी गेलेलं मात्र वाचलं. तांबड्या समुद्राच्या काठी इजिप्तमध्ये बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या कोरड्या वाळूत, उकिरड्यांच्या ढिगांत सुती चिंध्या सापडल्या. शिडाच्या कापडाचे तुकडेसुद्धा. त्यांतल्या हिंदुस्थानी कुठल्या हे ओळखायला अभ्यासकांनी भिंग लावून पीळ बघितला. इजिप्तमधली सूतकताई उलट्या पिळाची. हिंदुस्थानी सुताचा पीळ ओसरीवरच्या बाईच्या हाताचा. तेरची की पैठणची की भोगवर्धनची, इतकं बारीक सांगता येत नाही. हात कुठला, ते सांगता येतं.

एक अपवाद जवळच आहे, आणि तो याच देवांच्या कामातला. १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला प्रवरेकाठी ह. धी. सांकलिया, देव आणि अन्सारी यांनी खणलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या एका पुरलेल्या मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तांबं गंजलं, त्या गंजानं आतला दोरा राखला. रेशीम आणि कापूस, दोन्हींचे तंतू. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातला हा धागा म्हणजे दागिन्याच्या आत लपून बसलेला धागा आहे. कापडाला वाचायचं असेल तर असं दुसऱ्या कुणाच्या तरी आडोशाला राहावं लागतं.

आता थोडं वर या. इसवी सन १२०च्या आसपास एक वळसा नाशिकचा. त्रिरश्मीच्या डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख ताजा कोरलाय. विणकरांच्या एका श्रेणीकडे त्यानं दोन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवलेत, दरमहा शेकडा एक व्याजानं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. हिशेब करून बघा, वर्षाचे दोनशे चाळीस, पैसा इकडचा तिकडे नाही. बँक म्हणून लोकांनी सावकार निवडला नाही, माग चालवणारे निवडले, याची नोंद घ्या आणि आपल्या काळातल्या विणकरांच्या कर्जाची आठवण काढू नका, उगाच मन खट्टू होईल.

तो भिक्षू चीवर नेसून पुढे चाललाय. जवळून बघा. ते सलग नाही. तुकडे जोडून शिवलेलं आहे. बुद्धानं मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेतं आनंदाला दाखवली आणि असं चीवर शिव म्हणून सांगितलं, अशी विनयपिटकातली कथा आहे. कापलेल्या कापडाला चोर विचारत नाहीत आणि भिक्षूला त्याचा मोह उरत नाही, असा व्यवहार त्यामागे. आधीच्या काळात तर उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या चिंध्यांचं चीवर असे. ठिगळाला प्रतिष्ठा आपल्याकडे इतकी जुनी आहे. गरिबीची खूण ते फार नंतर झालं.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात भोकरदनहून उत्तरेला बैलगाडीनं दीड-दोन दिवस चाला. वाघुरेच्या नालाकृती दरीत छिन्न्यांचा आवाज घुमतोय, वाकाटक हरिषेणाचं राज्य आहे. सतराव्या लेण्यात चित्रकारांच्या मागे गुपचूप उभे राहा आणि चेहऱ्यांकडे बघू नका, सगळे चेहऱ्यांकडेच बघतात. कमरेखाली बघा. पट्ट्यापट्ट्यांची आखूड वस्त्रं, रंगांच्या कडा एकमेकींत फुटलेल्या, जणू सूत आधी बांधून रंगवून मग विणलंय. पहिल्या लेण्यात हंसांच्या नक्षीचं कापड. नोकरचाकर आणि परदेशी पाहुणे शिवलेल्या अंगरख्यात, राजेराण्या बहुतेक न शिवलेल्या वस्त्रात. पाठीशी लोड, तक्के. भोगवर्धनच्या पेठेत सडून गेलेलं कापड इथं भिंतीवर रंगानं राहिलंय. संग्रहालयच हवं असेल तर तुम्ही खरं तर त्यात उभे आहात. फक्त इथं हात लावून मऊपणा बघता येत नाही, आणि कापडाचं अर्धं ज्ञान हाताला होतं.

पुढची हजार वर्षं मी तुम्हाला झपाट्यानं नेतो. केळणेच्या काठी खडकात शेषशायी विष्णू कोरला जातो, देवगिरीला यादव येतात, जातात. अंबाजोगाईला मात्र पायउतार व्हा. दासोपंत (१५५१–१६१५) जमिनीवर एक पासोडी अंथरून तीवर पंचीकरण लिहिताहेत. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडं सुती कापड, थंडीत अंगावर घ्यायची वस्तू. ही चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद. ती आजही आहे. मराठवाड्यातली बाकी कोट्यवधी पांघरुणं गेली आणि ही राहिली, कारण हिच्यावर अक्षरं आहेत. अक्षर नसलेलं पांघरूण जपावं असं कुणाला वाटलं नाही. ते ज्यांनी शिवलं त्यांना लिहिता येत नव्हतं, हेही खरंच.

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदनपासून असईपर्यंत नदीच्या कडेनं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची छावणी पसरली आहे. केळणा आणि जुई यांच्या बेचक्यात दुपारी लढाई पेटते. इंग्रजांच्या वेलस्लीनं नंतर वॉटर्लू जिंकूनही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं. त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, आपल्या बाजूचा आकडा कुणी नीट मोजलाही नाही. तुम्ही तोफांकडे जाऊ नका, घोडेस्वारांचे अंगरखे बघा. कापसाचे थर भरून, ओळीनं टाके घालून शिवलेले डगले. तलवारीचा ओझरता वार अशा डगल्यात अडकायचा. धावदोऱ्याचं हेही एक काम होतं. गोळ्यापुढे त्याचं काही चाललं नाही. लढाईनंतर आजूबाजूच्या गावांतल्या बायांनी रानात पडलेल्या कापडाचं काय केलं असेल, याची नोंद कुठल्याही खलित्यात नाही. मला विचाराल तर दोन पाण्यांतून काढून, उन्हात घालून, डाग आतल्या बाजूला घेऊन ते गोधडीत गेलं असणार. कापड टाकून द्यायची ऐपत कुणाची होती?

आणि आता वर या. १९७३. दुपारची सुट्टी झाली आहे.

म्हातारीनं बोचकं सोडलंय. आत लुगड्यांचे तुकडे, धोतराचं पान, पोराच्या सदऱ्याची पाठ, एक खणाची चोळी जिच्या बाह्या विरल्या पण पाठ धड आहे. कडुनिंबाखाली तिनं जागा झाडून घेतली आहे. खाली सगळ्यात मऊ झालेलं लुगडं अंथरलंय, कोपऱ्यांवर दगड ठेवलेत. मध्ये धोतर, त्यावर तुकडे, खाच तिथं तुकडा, जाड तिथं पातळ. जो भाग खांद्याखाली येणार तिथं दुहेरी. वर पुन्हा एक लुगडं, काठ बाहेरच्या बाजूला राहील असं. आता दोघीतिघी जणी चार बाजूंना बसतात आणि कडेनं सुरुवात करतात. एक ओळ पूर्ण फिरून आली की बोटभर आत दुसरी. चौकोनाच्या आत चौकोन, मध्यापर्यंत. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायाही आपली कवंदी अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांना चिंधीची फुलं लावतात. इथं फुलं नाहीत, फार तर मधोमध लाल तुकड्याचा चौक.

त्यांचं बोलणं ऐका. तुकड्यांवरून माणसं निघतात. हे माहेरचं, हे दिवाळसणाचं, हे त्याचं, म्हणत एकजण थांबते आणि दुसरी लगेच मिलोच्या भाकरीचा विषय काढते. जनीची वाकळ पांघरून पहाटे राऊळात परतलेल्या विठोबाची गोष्ट तुम्हाला आठवेल. म्हातारीलाही ती माहीत आहे. तिचं म्हणणं एवढंच की देवाला शेला टोचत असंल, जुनं लुगडं टोचत नाही.

तुम्ही तिला सांगून बघा, की ही गोधडी जपून ठेवा, पन्नास वर्षांनी लोक बघायला येतील. ती खळखळून हसते. जपून ठेवली तर पांघरायचं काय? पंधरावीस वर्षांनी ही विरेल. मग हिलाच आत घालून वर नवं लुगडं टाकायचं, की झाली नवी. तिला पुढचं माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. जालन्यात १९६४मध्ये सुरू झालेल्या महिकोच्या बियाण्यानं आणि २००२पासून बीटीनं या भागात कापूस शिवारभर होणार आहे, आणि घरातल्या साड्या मात्र नायलॉन-पॉलिस्टरच्या. कापूस जिनिंगला जाईल, तिथून गाठी बांधून बाहेर. अंगणात कृत्रिम धाग्याच्या गोधड्या शिवल्या जातील, झगझगीत आणि निसरड्या, घाम न पिणाऱ्या. तिला हे सांगू नका. सांगितलंत तरी तिला पटणार नाही. कापूस पिकवून नायलॉन पांघरणारा माणूस तिला वेडा वाटेल.

समोरच्या माणसांनी खड्ड्यातून काढलेल्या चकत्या कागदावर ओळीनं मांडल्यात, प्रत्येकीखाली खोली आणि थर लिहिताहेत. म्हातारी मान वळवून एकदा बघते.

“चातीचं बूड हाय ते,” ती म्हणते. “इतकं काय लिवायचं त्याच्यात?”

मग तुमच्या हातात ती दुसरी सुई देते, दोरा ओवूनच, कारण तुम्हाला ओवता येणार नाही हे तिनं कधीच ओळखलंय. “बसा पाव्हणं, हा कोपरा धरा.” तुम्ही बसता. दोन टाके, चार टाके, मन लावून आठ-दहा. ओळ सरळ येतेय असं तुमचं तुम्हाला वाटतं. ती वाकून बघते, बोटाचं नख तुमच्या टाक्याखाली घालते आणि उचलते. टाका सहज वर येतो, त्यातून करंगळी जाईल.

“येवढा लांब? झोपंत लेकराचा अंगठा अडकंल की ह्याच्यात.” सुईच्या टोकानं ती सर्रकन तुमची सगळी ओळ उसवते, दोरा न तोडता, कारण दोराही पैशाचाच आहे, आणि तो बोटाला गुंडाळून तुमच्याकडे परत देते. “ज्वारीच्या दाण्यायेवढा घाला. आन हिकडून धरा, कडंकडून.”